जुनोलाही घेऊन ये

कुत्र्याला घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचं तर आधी विचारायचं असतं, हे हेस्टर टुलॉकला कुणी शिकवायची गरज पडली नव्हती. लाँसेस्टनच्या वाचनालयात तिची तीस वर्षं गेली होती, आणि न विचारता आत शिरणाऱ्यांचा तिला तेव्हापासूनच तिटकारा. जुनो ही तिची कुत्री. बारा वर्षांची, काळी-पांढरी, मेंढपाळांकडे असते त्या जातीची, पण जन्मात मेंढी न पाहिलेली. कुणाकडे जायचं ठरलं की हेस्टर फोन करून विचारी, जुनोची घोंगडी नि पाण्याचं भांडं घरून नेई, आणि दारात तिचे चारही पाय पुसल्याशिवाय तिला उंबरा ओलांडू देत नसे. समोरच्याने जरा आढेवेढे घेतले तर जुनो घरीच राहायची. त्यात रुसवा-फुगवा नाही. ज्याचं घर त्याची मर्जी.

म्हणून जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका सकाळी रोवेना कॅल्डरचा फोन आला, तेव्हा हेस्टरला पहिल्यांदा खटकलं ते हेच, की यजमानीणबाई आपणहून कुत्र्याचं नाव काढताहेत.

"शनिवारी चहाला ये ना," रोवेना म्हणाली. "आणि जुनोलाही घेऊन ये."

"तिला कशाला? गारठ्यात गाडीत बसून राहायची बिचारी."

"गाडीत नाही गं. घरात."

दोघी एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. रोवेनाच्या घरात कुत्र्याने पाऊल टाकलेलं चालत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. तिचा नवरा मर्डो मेंढ्या वळणारी कुत्री तयार करण्यात नावाजलेला. आवारात सहा-सहा कुत्री असायची. पण एकाचीही मजल मागच्या पायरीपलीकडे गेली नव्हती. एकदा चर्चच्या पाद्रीबाई मांडीवरचं छोटं कुत्रं घेऊन आल्या, तर रोवेनाने दारातच सांगितलं होतं, "तुम्ही या. ते राहू दे."

"तिला अजून ऐकू येत नाही ना?" रोवेनाने विचारलं.

"दोन वर्षं झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी कानाशी पातेल्याची झाकणं आपटून पाहिली, तरी मान वळवली नाही."

"अगदी काहीच नाही?"

"काहीच नाही. का गं?"

"सहज." मग हलकेच, "पण हेस्टर... तिला आणणार असशील तरच ये."

शनिवारी जेवण उरकून हेस्टर निघाली. वरच्या पठारावर सावलीतलं गोठलेलं दहिवर दुपार झाली तरी वितळलं नव्हतं. मागच्या सीटवर जुनो शांत झोपली होती. हेस्टरच्या डोक्यात मात्र फोनवरचं ते शेवटचं वाक्य घोळत होतं. बहिऱ्या, म्हाताऱ्या कुत्रीशी हिचं काय काम? एप्रिलमध्ये मर्डो गेला. तळ्याच्या बांधावरून जाताना त्याची चारचाकी मोटारसायकल उलटली, तो तिच्याखाली अडकला, छातीपर्यंत गार पाण्यात. संध्याकाळी सापडला तेव्हा सगळं संपलं होतं. हेस्टर अंत्ययात्रेला आली होती, अर्थात जुनोविना. तेव्हाही रोवेना रडली नव्हती. नुसती मागच्या दाराकडे बघत होती.

आवारात शिरताच पहिल्यांदा जाणवली ती शांतता. कुत्र्यांची सहाही खुराडी रिकामी होती. साखळ्या गुंडाळून खुंट्यांवर टांगलेल्या.

रोवेना दारातच उभी होती. तीन महिन्यांत ती निम्मी झाली होती. हेस्टरने गालाला गाल लावला, पण रोवेनाची नजर तिच्या खांद्यावरून खाली, जुनोवर.

"थांब, पाय पुसते तिचे," हेस्टर वाकली.

"राहू दे. तशीच येऊ दे."

"अगं चिखल आहे."

"राहू दे म्हटलं ना."

बैठकीच्या खोलीत शेकोटी पेटलेली होती, तरी उबेखाली एक ओलसर वास होता. चिखलाचा, शेवाळ्याचा, तळं आटतं तेव्हा येतो तसा. हेस्टर कोचावर बसली आणि तिच्या लोकरी स्कर्टला केस चिकटले. पांढरे केस. शेजारच्या उशीवर आखूड, तांबूस. दोन वेगवेगळ्या कुत्र्यांचे, कदाचित तिघांचे. आणि या घरात तर एकही कुत्रं नव्हतं.

"मर्डोची कुत्री कुठे गेली?"

"देऊन टाकली. दुसऱ्याच दिवशी."

"टॅमसुद्धा?" टॅम हा मर्डोचा लाडका.

"टॅमला सगळ्यात आधी."

रोवेनाने चहा ओतला. गरम, गोडसर स्कोन-पाव पुढे केले, लोणी-मुरंबा सरकवला. स्वतः कशाला शिवली नाही. हेस्टर गावातल्या गोष्टी सांगत राहिली. रोवेना हुंकार भरत होती, पण डोळे जुनोवरच. जुनोने शेकोटीसमोर आपल्या घोंगडीवर दोन गिरक्या घेतल्या, अंग टाकलं आणि घोरू लागली. ते घोरणं ऐकून रोवेनाचे खांदे हळूहळू खाली आले. तिने पहिल्यांदाच कप उचलला.

"झोपली," ती म्हणाली. एखादा ताप उतरलेला माणूस बोलतो तशी.

"म्हातारी झाली आता. दिवसाचे अठरा तास झोपते." हेस्टरने आपला कप खाली ठेवला. "रोवेना, खरं सांग. इथे कुणाकुणाची कुत्री येऊन गेलीत? आणि कशासाठी?"

रोवेना काही बोलणार, तेवढ्यात घोरणं थांबलं.

जुनोने डोकं उचललं. दोन वर्षं मेलेले ते कान एकदम ताठ उभे राहिले. ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथून मागचं दार दिसत होतं, बंद, कडी घातलेलं. त्याच्याकडे बघत ती पोट जमिनीला टेकवून सपाट झाली.

हेस्टरने हात हलवला. तळवा खाली म्हणजे 'बस', दोन बोटं आपल्याकडे म्हणजे 'ये'. ऐकू येईनासं झाल्यापासून दोघींची हीच भाषा. जुनोने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग ती अर्धी उठून, दबकत, डावीकडून मोठा वळसा घेऊन, कोचाच्या मागून, भिंतीच्या कडेकडेने रोवेनाच्या खुर्चीमागे आली. थांबली. परत सपाट झाली. मान पुढे, डोळे रोवेनाच्या पायांवर खिळलेले. मर्डोला हेस्टरने जत्रेतल्या स्पर्धांत पाहिलं होतं. एक शिट्टी, कुत्रं डावीकडून. दुसरी शिट्टी, उजवीकडून. लांब शिट्टी, जागच्या जागी आडवं. पण जुनोला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि खोलीत कसलाच आवाज नव्हता.

रोवेना उठून उभी राहिली. तिचा चेहरा शेकोटीतल्या राखेसारखा झाला होता.

"हेच," ती पुटपुटली. "सगळी हेच करतात. मे महिन्यात खाद्य घेऊन येणाऱ्या माणसाचं कुत्रं आत घुसलं, तेव्हा पहिल्यांदा... मग शेजाऱ्यांचं, मीच मुद्दाम बोलावलं. मग पाद्रीबाईंचं ते मांडीवरचं कुत्रं, त्याला धड चालता येत नाही, तेसुद्धा."

"अगं पण काय करतात?"

"मला वळतात."

जुनो एक पाऊल पुढे आली. रोवेना एक पाऊल मागे, स्वयंपाकघराकडे. जुनो उजवीकडे सरकली, रोवेना पुन्हा मागे.

"मला वाटलं, छपराच्या पत्र्यातून वारा शिरतो," रोवेना धाप लागल्यासारखी बोलत होती. "शिट्टीसारखा आवाज होत असेल, आपल्याला ऐकू येत नाही, कुत्र्यांना येतो. पत्रे बदलले. तरी तेच. म्हणून म्हटलं, जिला ऐकूच येत नाही तिला बोलवावं. ती झोपून राहिली तर समजायचं, आवाजच आहे कसला तरी. आणि उठली तर..."

तिने वाक्य सोडून दिलं. पुरं करायची गरजही नव्हती.

"तो शिट्टी वाजवत होता, हेस्टर."

"कोण?"

"त्या दिवशी. तळ्यावरून. गळ्यात असायची ना त्याच्या. टॅम चिखलाच्या पायांनी माझ्या स्वयंपाकघरात शिरला होता, म्हणून मी त्याला साखळीने बांधलं आणि मर्डोशी भांडले. तो रागारागाने निघून गेला. तासाभराने शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, टॅमला बोलावतोय. म्हटलं, वाजव. बस वाजवत. टॅम साखळीला हिसके देत होता, केकाटत होता. मी रेडिओ मोठा केला."

"किती वेळ..."

"अंधार पडेपर्यंत."

तिची पाठ मागच्या दाराला टेकली. हात मागे गेला आणि कडी सरकली. दार उघडल्याबरोबर थंड वारा आत आला आणि त्याच्याबरोबर तो शेवाळ्याचा वास, आता स्पष्ट. उतारापलीकडे तळं मावळतीच्या उजेडात शिशासारखं पसरलं होतं. रोवेनाने खुंटीवरचा कोट काढून अंगात घातला. सावकाश, बटणं लावून, कुणी बोलावलं म्हणून निघालेली बाई घालते तसा.

"बोलावतोय तर जायला नको का?" ती म्हणाली. "तेव्हा नाही गेले."

हेस्टरने धावत जाऊन जुनोचा पट्टा धरला. बारा वर्षांत जिने कधी दात दाखवले नव्हते, ती जुनो तिच्यावर गुरगुरली. तिचे डोळे हेस्टरकडे नव्हते. हेस्टरच्या बाजूला, पुरुषभर उंचीवर, उघड्या दाराच्या चौकटीत कुठेतरी होते. हुकमाची वाट बघत.

ओरडावं तर कुणावर? आणि मग तिच्या तोंडून जे निघालं, त्याचं तिला नंतर स्वतःलाच नवल वाटलं. जन्मभराची सवय, दुसरं काय. ती त्या रिकाम्या चौकटीकडे तोंड करून, खालच्या आवाजात म्हणाली,

"मर्डो, ही माझी कुत्री आहे. घर तुझंही आहे, आणि तुला न विचारता मी तिला आत आणली. चुकलं माझं. तिला आता घरी नेते. तिला सोड."

वारा पडला. किती वेळ गेला कोण जाणे. मग हातातल्या पट्ट्याचा ताण सुटला. जुनोने अंग झटकलं, आजूबाजूला गोंधळून पाहिलं आणि हेस्टरच्या गुडघ्याला डोकं टेकलं. ती थरथरत होती.

रोवेना पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. हेस्टरने तिला दंडाला धरून आत ओढलं, दार लावलं, कडी घातली.

"चल माझ्याबरोबर. आत्ता. कपडे नंतर आणू."

"नको."

"वेडी आहेस का? इथे एकटी..."

"हेस्टर, तू जा." रोवेनाने कोटाची बटणं काढायला घेतली. "कुत्रं नसलं की काही होत नाही. मी आता कुणाला बोलावणार नाही. कळायचं ते कळलं."

हेस्टरने अर्धा तास तिची मनधरणी केली. ती हलली नाही. शेवटी हेस्टर जुनोला घेऊन निघाली. सगळा रस्ता ती आरशात मागच्या सीटकडे बघत होती. जुनो झोपली होती, एकटीच.

मंगळवारी रोवेनाचा फोन आला. आवाज इतका मोकळा की हेस्टरने आधी ओळखलाच नाही.

"तू गेलीस आणि घर शांत झालं गं," ती म्हणाली. "तो वाससुद्धा गेला. तीन महिन्यांत पहिल्यांदा रात्रभर झोपले. काल तर शेजाऱ्यांचं कुत्रं आलं होतं, बिस्किट खाऊन गेलं. काही नाही."

"बरं झालं," हेस्टर म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती जुनोशेजारी जमिनीवर जाऊन बसली. रोवेनाला बहिरी कुत्री नेमकी कशासाठी हवी होती, हे तिने सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं की नाही, हे विचारायला हेस्टरची जीभ रेटली नव्हती.

पुढच्या रविवारी वाचनालयातली जुनी मैत्रीण बेरिल हिच्याकडे जेवण होतं. हेस्टरने नेहमीप्रमाणे आधी विचारलं, घोंगडी नेली, भांडं नेलं, दारात पाय पुसले. मनात धाकधूक होती, पण जुनो टेबलाखाली जी झोपली ती निघेपर्यंत उठली नाही. हेस्टर त्या दिवशी दोनदा वाढून घेऊन जेवली आणि खूप दिवसांनी हसली.

गुरुवारी बेरिलचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि बेरिल जरा घुटमळली.

"एक बोलू? रागावू नकोस हं. जुनो केव्हाही येऊ दे, तिचा त्रास नाही. पण आणखी कुणाला बरोबर आणणार असलीस तर आधी सांगत जा गं. मी एक ताट जास्तीचं मांडलं असतं."

"कुणाला?"

"तुझ्याबरोबरचे ते गृहस्थ. तू नि जुनो आत आलात आणि ते दाराबाहेरच उभे राहिले. मी दोनदा 'या ना आत' म्हटलं. नुसते बघत राहिले. मला वाटलं, भांडण झालं असेल तुमचं, म्हणून तुझ्यासमोर विषय काढला नाही." बेरिलने आवाज खाली आणला. "आणि हेस्टर, ते उभे होते ना, तिथली फरशी... मी रोज पुसतेय. आज चौथा दिवस. ती वाळतच नाही गं."