पुढचं वाक्य घ्या

सिल्वासातल्या झेरॉक्सच्या दुकानात दोघांचे कागद एकमेकांत मिसळले, आणि शीतलनं नववीच्या पेपरांबरोबर एक परका कागदही लाल पेनानं तपासून टाकला! बाईंचा हात तो, थांबतो थोडाच?

कागद वाल्मिकचा होता. गडी चाळीसगावकडचा, खडोलीच्या सुताच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करणारा. कामगारांना मशीनला मराठीत हुकूम देता यावेत म्हणून तो एक छोटीशी भाषा रचत होता, आणि ते हुकूम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलरही. कागदावर त्याचे चौकोन होते. आधी शब्द सुटे करायचे, मग वाक्याची मांडणी लावायची, अर्थ तपासायचा, शेवटी यंत्रासाठी लिहायचं. आणि प्रत्येक चौकोनातून एक बाण निघत होता – ‘चूक. थांबा.’

“पहिल्याच चुकीला थांबा?” कागद परत देताना शीतल म्हणाली. “मी असे पेपर तपासले तर पोरं रडतील. चुकीवर खूण करायची... आणि पुढचं वाक्य घ्यायचं.”

तो कागदाकडे कमी आणि तिच्याकडेच जास्त बघत होता. “हे तर डोक्यातच नाही आलं, मॅडम. पुढचे कागदपण तपासून देणार का?”

“फी पडेल. एक चहा.”

मग दर शनिवारी चहा आणि चौकोन. ती शनिवारची वाट पाहू लागली. तो तिला आवडायला लागला होता, अगदी मनापासून.

एका शनिवारी तो एकदम बोलून गेला, “तुमच्या घरी... माझ्यासारखा जावई चालेल का?”

शीतल गोंधळली आणि खुदकन हसली. झालं! वाल्मिक कागद गोळा करून उठला, तो पुढचे तीन शनिवार फिरकलाच नाही.

इकडे शाळेनं तिला आणखी एका वर्षाचा करार देऊ केला. सही सोमवारपर्यंत. नाहीतर परत चिपळूणला घरी, तिथे आईनं स्थळ पाहून ठेवलेलं. राहायचं तर कोणासाठी? शेवटी दुपारची पाळी सुटायच्या वेळी ती कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली.

“झाला का कंपायलर?” वाल्मिक बाहेर येताच तिनं विचारलं.

“झाला. आता चुकीला थांबत नाही.”

“आणि तुम्ही?”

“तुम्ही हसल्या ना, मॅडम...”

“घाबरले की हसते मी! नाही म्हटलं होतं का?” तिचे डोळे भरून आले. “सोमवारी मी जाईन, वाल्मिक. पुढचं वाक्य घ्या ना...”

तो एक पाऊल पुढे आला.

“नका जाऊ – शीतल.”

तिनं पर्समधून करार काढला आणि त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं.

“पेन द्या. लाल नको... सही करायचीय.”