सावळीरामाचे धोंडे

बस गं मनीषा. साई, तू पण बस, ते हेल्मेट खाली ठेव. उद्या देवराईत सायकली घेऊन जाणार म्हणताय ना, मग ऐकून जा. मनीषा, ही तुझ्या बापाची गोष्ट आहे. त्याच्या तोंडून तू पन्नासदा ऐकलीस. पण गोरक्षला ती अर्धीच ठाऊक आहे. उरलेली अर्धी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

रविवार, ४ डिसेंबर २००५. काम काय, तर तुझ्या मावशीच्या लग्नाची पत्रिका हरसूलकडच्या एका पाड्यावर द्यायची होती. त्याच वर्षी आम्हा दोघांना साखर निघालेली. डॉक्टर म्हणाले सायकल चालवा, म्हणून गिअरवाल्या सायकली घेतल्या होत्या. पंचेचाळिशीचे दोघं, पोटं सुटलेली, आणि मिजास कॉलेजच्या पोरांची! "खंडू, पत्रिका सायकलवरच जाऊन देऊ," गोरक्ष म्हणाला. नाशिक रोडला एसटीच्या टपावर सायकली चढवल्या, त्र्यंबकला उतरवल्या.

पत्रिका दिली, नागलीची भाकरी खाल्ली, दुपारी एकला परत फिरलो. येताना देवराईची पाऊलवाट धरली. काय रान आहे ते! दोघांच्या कवेत न मावणारे हिरडे, मांडीएवढ्या जाड वेली, भर दुपारी ऊन जमिनीला लागत नाही. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. उतारावर एक दगडांचा ढीग लागला, कमरेएवढा. असतील कुणाच्या बांधाचे, असं म्हटलं आणि तो मोडला. चपटे दगड रचून चढ केला, वर माती थापली. मग काय, लांबून यायचं आणि त्यावरून सायकल उडवायची. चार तास हाच धंदा. पडलो, हसलो, पुन्हा उडवली. सांगताना आता मान वर होत नाही माझी.

सहाला वर डांबरी रस्त्यावर आलो. मोरीपाशी भागीबाई म्हणून एका म्हातारीचं चहाचं खोपट होतं. तिनं चहा दिला आणि विचारलं, "देवराईतून आलं का? मग माझ्या मालकाचं धोंडं दिसलं असतील."

गोरक्षनं माझ्याकडे पाहिलं.

"सावळीराम नाव त्याचं. मध काढाया झाडावर चढला व्हता, तिथंच पडला. आठ वर्सं झाली. त्याला एकटं वाटू नाय म्हणून येणारा-जाणारा एक धोंडा टाकतो. तुमी टाकला का?"

गोरक्षचा कप ओठांपाशीच थांबला. आणि मी, मी शहाणा, चटकन बोलून गेलो, "हो आजी. दोघांनीही टाकला."

जिभेला हाड नसतं, दुसरं काय! म्हातारीनं हात जोडले. "लय बरं केलं बाबांनो," म्हणाली आणि कपात आणखी चहा ओतला. "माझं गुडघं चालत नाय. दर सोमवारी तेवढी जाते सकाळी, दिवा लावाया."

सोमवार म्हणजे दुसराच दिवस. खोपट बंद करून ती गेली.

"खंडू," गोरक्ष म्हणाला, "सकाळी तिला काय दिसेल रे?"

"साडेआठची एसटी शेवटची आहे, गोरक्ष."

"खड्ड्यात गेली एसटी. चल."

सव्वासात झालेले. अमावस्येला तीनच दिवस झाले होते, चंद्राची कोर डोंगराआड बुडत होती. बॅटरी एकच. गोरक्ष ती घेऊन पुढे झाला. "मागोमाग ये," म्हणाला. मी वीसेक पावलं उतरलो. मग पाय उचलेना. भ्यालो, बाकी काही कारण नाही. मुकाट्यानं मागे आलो आणि मोरीच्या कठड्यावर बसलो. त्याला सांगितलंही नाही.

खाली बॅटरी दिसत होती. त्यानं ती जमिनीवर ठेवली होती. उजेडात गोरक्षची पाठ. वाकलेली. एकेक दगड रचत होता. टक... टक...

मग मागे न बघता त्यानं हात मागे केला.

"दे."

मला वाटलं, मला म्हणतोय. मी इथे आहे, असं ओरडणार होतो...

अंधारातून धोंडा आला. त्याच्या हातात.

टक.

"दे."

आला.

"दमानं रे खंडू, बोट चेंगरलं."

मी वर. कठड्यावर.

ओरडायला हवं होतं. तोंड उघडलं मी. पण ओरडलो असतो तर कळलं असतं ना, की खंडेराव खाली आलाच नाही... म्हणून गप्प बसलो. मनीषा, तुझा बाप तिथे... त्याच्या शेजारी... आणि मला माझ्या अब्रूची पडली होती.

"दे."

टक.

"अजून किती आहेत?"

...

"बोल की रे."

...

टक.

मग बॅटरी हलली. तो वळला. मागे कुणी नाही. मी आधीच वर पळालो असं वाटलं त्याला. घामाघूम होऊन वर आला, हसला, मला मिठी मारली. "भित्रा लेकाचा, पुढे पळालास होय? पण तू होतास म्हणून झालं. तळातला तो मोठा धोंडा माझ्या एकट्याच्यानं हललाही नसता."

मी म्हणालो, "चल, गाडी चुकेल."

तेव्हापासून चार वर्षं तो हे चारचौघांत सांगतोय. मित्र असावा तर खंडूसारखा, म्हणे. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना वाटतं, माणूस विनयशील आहे. शरम वाटते गं पोरी, रात्री झोप लागत नाही. तूच सांग त्याला. मला तोंड नाही.

काय साई? ते धोंडे कोण देत होतं? मला नको विचारूस. एवढं शेवटचं ऐक आणि उठ.

सायकल घ्यायला वळलो. मी बसलो होतो तिथून हातभरावर टेकवलेली. सीटवर एक धोंडा होता. मुठीएवढा, ओल्या मातीनं माखलेला. मी बसलो तेव्हा नव्हता. त्या वेळात रस्त्यावरून कुणी गेलंही नव्हतं.

गोरक्षनं पाहिला. "हा तुझ्याकडेच राहिला वाटतं. ये टाकून. मी थांबतो."

मी गेलो नाही.

कठड्यावर ठेवून द्यावा म्हणून उचलला फक्त. कडाक्याची थंडी होती, हँडलचं लोखंड हाताला झोंबत होतं... धोंडा गरम होता. एकाच बाजूनं. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून थांबलं की होतो, तेवढा.