सोळावर अडलेला हात

अवधूत केरकर खेळून परतले होते, पण पाचातले चारच.

त्या काळी वेंगुर्ल्यात याचं कुणाला नवल वाटत नसे. लोक कपाळाला पट्टी बांधून ऑनलाइन ब्लॅकजॅक खेळत. एकाच वेळी पाच हात, म्हणजे पत्त्यांचे पाच वेगळे डाव, खेळायचे असले, तर पट्टी मनाचे पाच अंश करी. प्रत्येक अंश म्हणजे अख्खा माणूसच. फक्त त्याला आपल्याच दुसऱ्या अंशांचे पत्ते दिसत नसत. हात खेळून झाला की अंश परत येऊन मूळ माणसात विरघळे. दुपारच्या चहाला सगळे घरी.

अवधूतांचा पाचवा अंश काही आला नव्हता.

त्यांच्या बायकोला, नीलिमाला, ते आधी मासळीबाजारात जाणवलं. पूर्वी अवधूत टोपलीपुढे इतका वेळ उभे राहत, की ती म्हणे, "अहो, उचला आता. मासा पुन्हा पोहायला लागेल!" आता कोळीण तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बांगडे." त्याच आठवड्यात त्यांनी होडी विकली. मग परसातला फणस तोडला. त्याच्या सावलीत नीलिमा रोज बसायची.

"मला विचारायचं तरी!"

"कशाला?" त्यांनी खरोखरच आश्चर्याने विचारलं.

मेंदूतज्ज्ञ शर्वाणी बोडस त्यांच्याच अंगणात खेळून मोठी झालेली. पट्टीवर अजून जळणारा एक दिवा पाहून ती म्हणाली, "काका सोळावर अडलेत, काकू."

"म्हणजे?"

"पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण ओलांडायची नाही. राजा-राणी-गुलाम दहाचे. समोर पत्ते वाटणारी असते, तिचा एक पत्ता उघडा, एक झाकलेला. पाचही हात तिच्या त्याच दोन पत्त्यांशी खेळतात. काकांचे चार हात सोपे निघाले, चटकन खेळून झाले. पाचव्यात दश्शी आणि छक्की. समोर राजा. अजून पत्ता घेतला तर बहुतेक एकवीस ओलांडणार, नाही घेतला तर बहुतेक हरणार. आणि काकांनी निवांत टेबल निवडलंय. तिथे विचाराला मुदत नसते."

"मग घरात आहेत ते कोण?"

"काकाच. न अडखळलेले काका." शर्वाणीने दिव्याकडे बोट केलं. "सगळं अडखळणं आत राहिलंय. एक तर तो अंश आपणहून निर्णय घेईल. नाहीतर पत्नी म्हणून तुम्ही सांगितलंत, तर टेबल बंद करता येईल. पण मग तो अंश कायमचा गेला."

"बंद? माणूस आहे तो आतमध्ये! मीच जाते."

शर्वाणीने खास परवानगी काढून शेजारच्या खुर्चीवर पत्ते वाटायला लावले. टेबलाचा नियम असा, की किमान दोन हात घ्यायचे. नीलिमाने पट्टी बांधली आणि तिच्या दोन झाल्या.

पहिलीला दोन राण्या आल्या. वीस. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. ती थांबली आणि परत गेली.

दुसरी पाण्याकाठी बसली होती. टेबल अर्धं वाळूत, अर्धं पाण्यात. उजेड कुठल्या वेळेचा ते कळत नव्हतं. तो नुसता तरंगत होता. वाटणारीचा हात गठ्ठ्यावर स्थिर, जणू झोपेत. अवधूत हनुवटीवर बोट ठेवून पत्त्यांकडे बघत होते.

"आलीस, नीलू? बस. पाय भिजतील हं, चालेल ना? की खुर्ची मागे घेऊ?"

नीलिमाला रडूच फुटलं. इतकं कुणी विचारलंच नव्हतं तिला, होडी गेली तेव्हापासून.

"घरी चला."

"येतो की. पण हे बघ, पत्ता घेऊ की नको? तुला काय वाटतं?"

तिने त्यांचे पत्ते पाहिले, मग स्वतःचे. नव्वी आणि छक्की. पंधरा. राजा दोघांकडे शांतपणे बघत होता. घ्यावा म्हणावं तर भीती, नको म्हणावं तरी भीती. पाणी घोट्यांना लागत होतं.

"थांबा हं," ती म्हणाली. "जरा विचार करू दे."

बाहेर नीलिमाने डोळे उघडले आणि पट्टी सोडली. तिच्या पट्टीवरही एक दिवा जळत होता. अवधूतांनी चहाचा कप पुढे केला. त्यात साखर आहे का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

"काकू," शर्वाणी दिव्याकडे बघत हलकेच म्हणाली, "तुमचाही एक हात अडलाय. आपण थोडी वाट..."

"नको. टेबल बंद कर."

"अहो, आत तुम्ही दोघं..."

"बंद कर म्हटलं ना."

तिने चहा संपवला, कप विसळून पालथा घातला. अवधूत तोवर दाराशी चप्पल घालत होते. शर्वाणीने त्या दोघांच्या चेहऱ्यांवर कितीतरी वेळ काहीतरी शोधलं आणि मग कळ दाबायला हात पुढे केला.

आत, पाण्याकाठी, नीलिमा अजून विचार करत होती.