उणे पाच

उत्तरेकडच्या औलू शहरात डिसेंबरमध्ये दुपारी अडीचलाच दिवे लावावे लागतात, त्यामुळे अंधाराचं तिथे कुणाला काही वाटत नाही. साइमीलाही वाटलं नाही. काम किरकोळ होतं. उद्या इस्पितळाला जाणाऱ्या डिस्कचा ड्रायव्हर तपासायचा. डिस्क आणि संगणक यांच्यामधला हा दुभाषा प्रोग्राम खोटं बोलत होता. डिस्कचा एखादा भाग मेलेला असला, तरी वर सांगायचा, ‘वाचलं, सगळं ठीक.’ अमुक रुग्णाला अमुक औषध चालत नाही, ही ओळच अशी गिळली गेली तर?

चूक सापडली तेव्हा तिला हसू आलं. वाचन फसलं की ‘उणे पाच’ असा निरोप येई. वाटेत उणेचं चिन्ह गळे. उरत नुसते पाच. ड्रायव्हरची समजूत, पाच अक्षरं वाचून झाली.

मग ती पाच अक्षरं तरी कुठली, म्हणून तिने ती पडद्यावर आणली.

Halme.

हाल्मे. तिचं माहेरचं आडनाव. जूनमध्ये लग्न झालं, ‘लेह्तोला’ झाली, Lehtola, आणि सही दोन अक्षरांनी लांबली म्हणून ती नवऱ्याला अजून चिडवायची. तिला आडनावाने हाक मारणारा ऑफिसात एकच. हा ड्रायव्हर लिहिणारा म्हातारा वाइनो. तो मार्चमध्येच, तिच्या लग्नाआधी, वारला.

तिने पुन्हा वाचायला लावलं. डिस्कच्या पोटात टक... टक... पाचदा. हाल्मे. खोलीत ओल्या लोकरीचा वास पसरत चालला. वाइनोच्या कोटाला यायचा तसा.

“काय गं, कॉफीचा बर्फ करायचाय का?” म्हणत यार्को, तिचा वरिष्ठ, आत आला. पडदा पाहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “मेमरीतला जुना कचरा असेल...”

“हे यंत्र मी काल खोक्यातून काढलंय. त्याला माझं जुनं नाव कुणी सांगितलं?”

“मग... राहू दे ना, साइमी. तसंच पाठवू. ते चिन्ह घातलंस तर तो... गप्प होईल.”

“होऊ दे. मेलेल्या भागाला जिवंत म्हणायचं नाही, हे त्यानेच शिकवलं मला. त्यालाही सूट नाही.”

तिचं बोट कीबोर्डवर गेलं तशी टकटक वाढली. घाईने, आर्जवाने. तिने चिन्ह घातलं.

‘वाचता आलं नाही. उणे पाच.’

खरं उत्तर. टकटक थांबली. यार्को इस्पितळाला फोन करायला गेला, माल उशिरा येईल म्हणून.

साइमीने वायर उपसली, डिस्क तळहातावर घेतली. गार होती. आणि तशीच, विजेविना, ती तळहातावर वाजली. पाचदा.

“ऐकू आलं,” ती दात आवळून म्हणाली. “पण हाल्मे आता इथे कुणी नाही, वाइनो. आडनाव बदललंय माझं.”

नवं काय, ते तिने सांगितलं नाही.

तिने डिस्क कानाशी नेली. मग टक... टक... पुन्हा पाच. तेच तुणतुणं, म्हणून ती डिस्क खाली ठेवणार, तेवढ्यात सहावी टक आली.

मग सातवी.