आठव्या भागाचा पत्ता

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय... आणि तेही भर दुपारी, तीन वाजता.

मावशी घरी बसून आवाजाचं एडिटिंग करते. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, वारण्याआधी तिच्या सहा वर्षांच्या चिमीसाठी एक गोष्ट रेकॉर्ड केली होती. सात भाग झाले. आठवा, शेवटचा, राहूनच गेला.

"आई, पुढे काय झालं?" म्हणून चिमी रोज डोकं खायची.

त्या दुपारी चिमी मागच्या खोलीत झोपली होती. मावशीने ती गोष्ट नव्या कॉम्प्युटरवर उघडली.

'फायली सापडत नाहीत.'

आबांचा तेवढाच आवाज उरला होता!

मग तिच्या लक्षात आलं. सॉफ्टवेअर आवाज स्वतःजवळ ठेवत नाही, तो कुठे आहे तेवढा पत्ता ठेवतं. फोल्डर तिनेच जुन्या डिस्कवर हलवलं होतं. आता ते बिचारं शोधणार तरी कुठे?

ती डिस्क जोडून तिने 'शोधा' दाबलं.

एक सापडली. दोन... सात. मावशीला रडूच फुटलं.

पण शोध थांबेना.

यादीत आठवं नाव होतं...

जी कधी रेकॉर्डच झाली नाही, ती फाईल.

"काहीतरीच काय!" मावशी मोठ्याने म्हणाली.

पत्त्याच्या जागी अक्षरं बदलली. 'हॉल'.

असं फोल्डर तिने कधी केलंच नव्हतं.

'स्वयंपाकघर'... आणि आत भांडं पडलं.

'पॅसेज'... सपातांचा आवाज. एक पाय ओढत. आबा चालायचे तस्साच.

'मागची खोली'.

मावशीचं धाबं दणाणलं. कॉम्प्युटरची वायर उपटून ती तशीच धावली.

चिमी पलंगावर उठून बसलेली.

"आई, आबा आले होते. शेवट सांगतो, चल म्हणाले."

"तू... तू ओ दिलीस?"

"देणारच होते. तेवढ्यात आबा म्हणाले, थांब, आईने बंद केलं. परत लावलं की येतो."

मावशीने कॉम्प्युटर कपाटात कोंडलाय. आपल्याच बापाची अशी भीती वाटते, म्हणून रडतेही बिचारी.

काल चिमीने तिला विचारलं, "आई, त्याची वायर कुठंय गं?"

वायर आता माझ्याकडे आहे.

कुठे ठेवलीय, ते मात्र इथे लिहीत नाही.