बाबांच्या नावाने गेलेला मेल

ही माझ्याच घरात घडलेली गोष्ट आहे. पटवून घ्या असा माझा आग्रह नाही. पण तारखा माझ्या डायरीत आहेत आणि यातली बहुतेक माणसं आजही हयात आहेत. माझी आई हे पान वाचत नाही, म्हणूनच लिहितोय.

जबलपूर, घमापूर. रविवार, १६ ऑगस्ट २००९. दुपारचे दोन.

हो, दुपारचेच. रात्र, अमावास्या वगैरे काही शोधू नका.

माझे बाबा, रत्नाकर, डिफेन्सच्या कारखान्यातून रिटायर झालेले. १४ जुलैला, मंगळवारी, सकाळचा चहा पिता पिता गेले. मी रडलो नाही. लोक म्हणाले, श्रीरंग खंबीर आहे. खंबीर कसला... आतून बधिर झालो होतो. लाकडं आणली, तेरावं केलं, ऑफिसला जायला लागलो. काहीच वाटत नव्हतं.

बाबांची मोठी बहीण भानुमती आत्या अमरावतीला असायची. तिची तेव्हा नुकतीच बायपास झाली होती. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं, तीन महिने कसलाही धक्का नको, नाहीतर आमचा भरवसा धरू नका.

म्हणून ठरलं, आत्याला कळू द्यायचं नाही.

अडचण एकच होती. आत्याला ऐकू यायचं नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. बहीणभावाचं सगळं बोलणं मेलवर. दर रविवारी दुपारी दोनला बाबा कम्प्युटरवर बसायचे आणि एका बोटाने टाइप करायचे. तिकडे आत्याची नात जया तो मेल मोठ्या अक्षरांत छापून तिच्या हातात द्यायची. मेल आल्याशिवाय आत्या रविवारी जेवायला बसत नसे.

ते मेल आता मी लिहायचे होते. बाबांच्या नावाने.

पहिला मेल पाच दिवसांनी, रविवारीच लिहिला. ‘ताई, मी मजेत आहे. तू औषधं वेळेवर घे.’ पाठवायचं बटण दाबलं.

आणि समोर छोटा बॉक्स आला... पासवर्ड टाका.

पासवर्ड मला माहीत होता. टाकला. बॉक्स गेला.

परत आला.

परत टाकला. परत आला. अकराव्या वेळी मेल गेला. मी म्हटलं, नेटचा काहीतरी घोळ असेल.

पुढच्या रविवारी वीस वेळा. त्याच्या पुढच्या रविवारी मी मोजणं सोडलं. इतर दिवशी बघितलं तर प्रोग्रॅम निमूट उघडायचा. रविवारी, आत्याचा मेल पाठवतानाच तो अडायचा.

आई दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, “त्यांच्या नावानं खोटं काहून लिहून राहिला तू? त्यांना नसेल आवडत.”

मी टाइप करत राहिलो. आत्या जगली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ओळखीचा अंबादास कम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला बोलावलं. त्याने आधी साठवलेला पासवर्ड पुसून माझ्याकडून तोच पुन्हा भरून घेतला. मग सगळं खातं काढून पुन्हा बसवलं. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं.

“ये देखो भैया, तारीखच मागं आहे. तारीख चुकली का सर्व्हर ऐकत नाही.”

कम्प्युटरवर तारीख होती... १४ जुलै.

आतली बॅटरी संपली की असं होतं, असं तो म्हणाला. त्याने नवी बॅटरी टाकली आणि तारीख बरोबर केली. दोन दिवस ठीक चाललं. रविवारी पुन्हा १४ जुलै. अंबादासने डोकं खाजवलं. बॅटरी संपली तर तारीख कम्प्युटर बनला त्या वर्षावर जाते, अशी मधल्याच दिवशी थांबत नाही, म्हणाला. त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. फोन केला की लांब कुंडम गावात कामावर आहे म्हणतो.

मग आला सोळा ऑगस्ट.

आई जेवून आडवी झाली होती. मला त्या बॉक्ससमोर बसायचं नव्हतं. मी कम्प्युटरचा प्लग काढला, सराफा बाजारातल्या सायबर कॅफेत गेलो आणि तिथून वेबवर खातं उघडलं. तोच पासवर्ड... एका झटक्यात उघडलं. मेल लिहिला. ‘ताई, मी मजेत आहे. पाय थोडा दुखतो, बाकी काही नाही.’ दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवला. फार बरं वाटलं, असं म्हणायला हवं. खरं तर काहीच वाटलं नाही.

घरी आलो तेव्हा आई मोरीत तोंड धूत होती. माझ्याकडे पाठ होती.

“झालं का तुझं?” ती म्हणाली. “किती वेळचा टाइप करून राहिला होता. टकटक ऐकू येत होती. आज एकाच बोटानं काहून?”

मी दारातच उभा राहिलो.

“हो,” म्हटलं. “झालं.”

खोलीत गेलो. प्लग जमिनीवर पडला होता, मी टाकला होता तसाच. पडदा काळा. खुर्ची मात्र मागे सरकवलेली... बाबा उठताना सरकवायचे तेवढी.

तेवढ्यात मोबाइल वाजला. अमरावतीहून जया.

तिचा आवाज ऐकून मला वाटलं, आत्या गेली.

ती म्हणाली, आज दोन मेल आले. पहिला बरोबर दोनला. तिने तो नेहमीचाच समजून न वाचता छापला आणि आजीच्या हातात दिला. दुसरा दहा मिनिटांनी आला, तोही दिला.

“पहिल्यात काय होतं?” मी विचारलं.

तिने वाचून दाखवलं. ‘ताई, मी गेलो. त्रास झाला नाही. पोरं तुझ्या काळजीनं लपवून राहिले, त्यांना रागावू नको. आंघोळ करून घे, मग जेव.’

वर तारीख... १४ जुलै.

“आणि आत्या?”

“आजीनं दोन्ही कागद वाचले. तुमचा बाजूला ठेवला, म्हणे हा श्रीरंगचा आहे. मग उठली आणि डोक्यावरून आंघोळ केली, मामा. सुतकाची. आम्ही बाहेर रडून राहिलो होतो. ती बाहेर आली, ओल्या केसांनी पाटावर बसली आणि म्हणाली, वाढा.”

आत्या जेवली. चार घास जास्तच. तिला काही झालं नाही. पुढे आठ वर्षं जगली.

तो मेल कुणी पाठवला ते मला माहीत नाही. पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. जयावर शंका घेऊन बघितली. पण ‘त्रास झाला नाही’ हे तिला कुठून कळणार? त्या सकाळी बाबांजवळ मी एकटाच होतो. त्रास झाला का, हे मला सगळ्यांनी विचारलं होतं आणि मी कुणालाच उत्तर दिलं नव्हतं. मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा रडलो. आईला ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड घालून.

आईला मी अजून सांगितलेलं नाही, की त्या दुपारी मी घरात नव्हतो. तिची तब्येत आता नाजूक असते. डॉक्टर म्हणतात, धक्का नको. सांगेन सांगेन म्हणतो आणि राहून जातं.

पण हल्ली रविवारी दोन वाजले की मी तिला एकटं सोडत नाही... मी सांगायच्या आधी तिला दुसरं कुणी कळवेल, याची मला भीती वाटते.