ही बोट घेऊ नकोस

चंद्रप्रकाश मढच्या खडकांत पालथा पडलेला सापडला. कालवं काढायला गेलेल्या बायकांना आधी त्याचा पट्टेरी शर्ट दिसला. कुणाचा तरी वाहून आलेला कपडा असेल म्हणून एकीने तो ओढला आणि मग सगळ्याच ओरडत किनाऱ्याकडे पळाल्या.

उपनिरीक्षक समीक्षा ठोंबरे पोचली तेव्हा भरती चढायला लागली होती. माणूस चाळिशीतला. खिशात साकीनाक्याच्या एका वर्कशॉपच्या किल्ल्या. पाय अनवाणी. जुन्या मोटरबोटी घ्यायच्या, रंगरंगोटी करायची आणि नव्याच्या थाटात विकायच्या, हा त्याचा धंदा.

"प्यालेला असणार, मॅडम," हवालदार सुयोग म्हणाला. बुडालेला प्रत्येक माणूस सुयोगला प्यालेलाच वाटतो.

"रिपोर्ट येऊ दे की."

समीक्षाने प्रेताकडे पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. गेले काही महिने तिला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. नोकरीला ते सोयीचं होतं, म्हणून तिने तक्रारही केली नव्हती.

चंद्रप्रकाशची विकाऊ बोट वेसाव्याच्या जेट्टीला नीट बांधलेली सापडली. पांढरीशुभ्र, मागे आऊटबोर्ड इंजिन लटकवलेलं. जेट्टीच्या कडेला, बोटीसमोरच, त्याच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या होत्या.

"चपला इथे का?" समीक्षाने विचारलं.

"बोटीत चपला घालून कुणी चढत नाही इथे," सुयोग म्हणाला. "देवळासारखंच असतं यांचं. विकणाऱ्यालासुद्धा माफी नाही."

समीक्षाने बूट काढले आणि ती बोटीत उतरली. पुढच्या काचेवर आणि दोन्ही बाजूंना खारट पाण्याचे पांढरे डाग वाळले होते. बोटीच्या पुढच्या टोकाला, रंगाखाली, हाताला उंचवटा लागत होता. कधीतरी फुटलेली बोट तिथे सांधली होती. तिने नखाने खरवडलं. पांढऱ्या रंगाखालून, फटीत अडकलेला पिस्ता रंगाचा एक कपचा निघाला. इंजिन मात्र लखलखीत होतं. त्याच्याजवळ एक रिकामा प्लास्टिकचा पिंप आणि टमरेल.

आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, जेट्टीवर कोण कोण होतं, या प्रश्नाला सगळीकडून एकच उत्तर आलं. कोणीच नाही. कोळीवाड्यात हळद होती आणि हळदीला न जाणारा कोळी अजून जन्मायचा होता. दुपारनंतर परतलेल्या दोघांनी मात्र एका तरुणाला त्या बोटीतून उतरताना पाहिलं होतं.

तो तरुण दुपारपर्यंत पोलीस ठाण्यात आला. निलेश, राहणार जोगेश्वरी, नोकरी पवईच्या एका कंपनीत. ती त्याने नुकतीच सोडली होती. गावी मालवणकडे पर्यटकांना फिरवायला त्याला ही बोट घ्यायची होती. त्याचा आवाज चंद्रप्रकाशच्या फोनवर सापडला. फोन वर्कशॉपमध्येच राहिला होता आणि निलेशचा निरोप त्यात न ऐकलेला पडून होता: 'फसवलंस मला. येतोय मी, बघतोच तुला.'

"हा आवाज तुझा?"

"माझाच. पण मॅडम, रागात बोललो हो."

"राग कशाचा?"

"बोट तपासायला मी बळवंतकाकांना सांगितलं होतं. वेसाव्याचे जुने तांडेल आहेत, होडीचे कप्तान. मला यातलं काय कळतंय? काल सकाळी चंद्रप्रकाशने वर्कशॉपमध्येच बोट धुऊन फोटो पाठवला, मग जेट्टीला नेली. झकास दिसत होती. दुपारी काकांचा फोन. म्हणाले, 'ही बोट घेऊ नकोस. फुल रेसवर वळवली की मागून घसरते. माणूस उभा असला तर गेला.' माझी वाट लागली ना! नोकरी सोडून बसलोय मी."

"मग?"

"मग त्याला फोन केला, उचलला नाही. जेट्टीवर गेलो. तो नव्हताच. बोटीत बसून वाट बघितली, कंटाळून घरी आलो."

"बोट चालवता येते?"

"शिकतोय. कशीबशी येते."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. ठाण्याच्या मोठ्या साहेबांना तेवढंच पुरलं. पोरगा चंद्रप्रकाशला घेऊन पाण्यात गेला, भांडण झालं, ढकललं, बोट परत आणून बांधली.

"उद्या कोर्टात उभा कर," साहेब समीक्षाला म्हणाले. "सरळ केस आहे."

बाहेरच्या बाकावर निलेशची आई, वनमाला, बसली होती. पोलीस दिसला की ती उभी राहायची. समीक्षा दिसली तेव्हाही ती उभी राहिली.

"बाई, माझो झील तसो नाय हा. कोंबडी मारताना बघवत नाय त्याका. उद्या कोर्टात नेलास तर जन्माचो डाग बसतलो."

समीक्षाने तिला बसायला सांगितलं. बाई बसली नाही. समीक्षाने निलेशच्या फोनमधला बोटीचा फोटो पुन्हा उघडून पाहिला. काच आरशासारखी स्वच्छ, बाजूंना डागाचं नाव नाही. मग ती गाडी काढून वेसाव्याला गेली.

बळवंतचं घर गल्लीच्या टोकाला होतं. ओटा पिस्ता रंगाचा, आतल्या भिंतीही त्याच रंगाच्या. बळवंत जाळं विणत बसला होता. त्याची बायको कमळ सुकटीतला कचरा वेचत होती. भिंतीवर हार घातलेला एका तरुण पोराचा फोटो. पोरगा नव्याने रंगवलेल्या होडीला टेकून हसत होता.

"हळदीला गेला नव्हता काका?"

"नाय. वरीस व्हायचा हाय पोराचा," बळवंत म्हणाला. "निमेश. मनोरीच्या बाजूला पहाटे कुणीतरी त्याची होडी ठोकली. कोण, ते कळला नाय."

त्याने हे बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. कमळने मान वर केली नाही.

"चंद्रप्रकाशची बोट तुम्ही तपासलीत?"

"व्हय. सकाळी."

"तो बरोबर होता?"

"व्हता. काठावरच बघितली. ठोकून बघितली, वास घेतला, तळ बघितला. मग घरी आयलो."

"पाण्यात नेली नाहीत?"

"नाय. इंजिन चालूच केला नाय."

"निलेशला धरलंय आम्ही. उद्या कोर्टात नेणार."

बळवंतची सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. "बरा पोर हाय तो," एवढंच तो म्हणाला.

समीक्षा जेट्टीवर परतली. एक बोट नुकतीच आली होती. तिचा मालक सुबोध याला तिने उगाचच इकडचं तिकडचं विचारलं. सुबोध बोलत होता, हसत होता, हळदीतल्या जेवणाला नावं ठेवत होता आणि त्याचे हात इंजिनावर टमरेलाने पाणी ओतत होते. एकदाही त्याने तिकडे पाहिलं नाही.

"हे काय करतोयस?"

"हे?" सुबोधने आपल्याच हाताकडे पाहिलं. "गोडं पाणी पाजतो इंजिनाला. मीठ खातं ना सगळं. घरी आग लागली तरी आधी हे करून जाणार आम्ही."

ठाण्यात परतल्यावर समीक्षाने निलेशला एकच प्रश्न विचारला.

"समुद्रातून परत आल्यावर इंजिनाचं काय करतात?"

"काय म्हणजे? बंद करतात."

"आणि?"

"आणि काय? उतरतात," निलेश म्हणाला. आणखी काही करतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

दिवेलागणीला ती पुन्हा पिस्ता रंगाच्या ओट्यावर होती. या वेळी सुयोग बरोबर होता. बळवंत तसाच बसलेला, कमळही तशीच.

"काका, तुम्ही आधी ऐकून घ्या," समीक्षा म्हणाली. "कुठे चुकलं तर सांगा."

बळवंतने जाळं बाजूला ठेवलं.

"चंद्रप्रकाशच्या चपला जेट्टीवर राहिल्या. म्हणजे तो अनवाणी बोटीत चढला आणि परत उतरलाच नाही. उतरला असता तर पायात घातल्या असत्या. पण बोट परत आली. म्हणजे कुणीतरी आणली. काल सकाळी धुतलेल्या बोटीवर आज मिठाचे डाग होते, म्हणजे ती बाहेर गेली होती, जोरात गेली होती. साहेब म्हणतात, निलेश. पण इंजिनावर मिठाचा कण नाही. परत आणणाऱ्याने बोट बांधली आणि इंजिनाला गोडं पाणी पाजलं. निलेशला हे माहीतच नाही. हे तुमच्यापैकी कुणीतरी केलं आणि करताना ते त्याच्या लक्षातही आलं नाही."

"आमच्यात लय लोक हायेत," बळवंत म्हणाला.

"सगळे हळदीला होते. तुमच्या घरात वर्ष व्हायचं होतं."

बळवंतने सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"तुम्ही मला सांगितलंत, इंजिन चालूच केलं नाही. पण निलेशला सांगितलंत, फुल रेसवर वळवली की बोट मागून घसरते. काठावर ठोकून हे कसं कळलं, काका? तुम्ही ती समुद्रात नेली होतीत. आणि जे घडलं त्यानंतरही, घरी येऊन, तुम्ही त्या पोराला बोटीचा खरा दोष सांगितलात. गप्प बसला असतात तर माझ्या हाती काहीच लागलं नसतं."

"तपासायला सांगितला व्हता ना त्याने," बळवंत म्हणाला. "मग खोटा कसा सांगणार?"

सुयोगने समीक्षाकडे पाहिलं. तिने खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. आत पिस्ता रंगाचा कपचा होता.

"बोटीच्या टोकाला, सांधलेल्या जागी मिळाला. घराचा उरलेला रंग निमेशने होडीला लावला होता ना? फोटोत दिसतंय."

कमळचे हात सुकटीत थांबले.

"मना तो कपचा दिसलाच नाय," बळवंत म्हणाला. "सांधा लागला हाताला. विचारला, कुठे आपटली? तो काय बोलला नाय. मग भर दर्यात गेल्यावर स्वतःच सांगायला लागला. मागे उभा राहून. म्हणे, काका, मजबुती बघा, मागच्या साली मनोरीला पहाटे एका होडीवर चढली, होडीचे दोन तुकडे आणि हिला नुसता ओरखडा." बळवंत थांबला. "हसत व्हता. बोट विकायची व्हती ना त्याला. मी कोण, त्याला ठाव नव्हता."

"मग?"

"वळणाची टेस्ट बाकी व्हती. फुल रेस दिली आणि वळवली. मागून घसरली. तो गेला."

"मुद्दाम?"

बळवंतने बराच वेळ विचार केला. टाळायचं म्हणून नव्हे. त्याला खरंच आठवून सांगायचं होतं.

"वळवताना टेस्ट करत व्हतो का त्याला पाडत व्हतो, मना सांगता येणार नाय. पण तो हाका मारत व्हता, ते मी ऐकला. मागे फिरायला किती वेळ लागतो? मी फिरलो नाय. सरळ जेट्टीला आयलो."

"आणि निलेश? त्याला आत टाकलं, तेही मी सांगितलं तुम्हाला."

"सांगितलास. मना वाटला, आता तरी काळजात काय तरी व्हईल. काय झालाच नाय, पोरी. निमेश गेल्यापास्ना काय व्हतच नाय."

समीक्षाला हे समजलं. जरा जास्तच समजलं, आणि तिला स्वतःची भीती वाटली. तिने सुयोगला ठाण्यात फोन करायला सांगितलं. "बाकावरच्या बाईंना आधी सांग, मग साहेबांना. पोराला आजच घरी न्यायला मिळेल म्हणावं."

बळवंत उठला. त्याने खुंटीवरचा शर्ट काढून अंगात घातला आणि बटणं लावायला लागला. कुणी त्याला घाई केली नाही.

कमळ तेव्हा बोलली.

"त्या बोटवाल्याला पवायला येत नव्हता?"

"नाय," बळवंत म्हणाला.

"आपल्या पोराला येत व्हता." कमळ जमिनीकडेच बघत होती. "म्हणजे होडी फुटल्यावर तो लय वेळ पाण्यात असंल. तोपण हाका मारत असंल, आणि हा बोटवाला असाच सरळ निघून गेला असंल."

बळवंतचा हात मधल्या बटणावर होता. बटण काही लागेना.  मग तो भिंतीला धरून खाली बसला आणि मोठमोठ्याने रडू लागला.